कराडचं इलेक्ट्रिकल की पुण्याचं कॉम्प्युटर? आधी ‘कॅपच्या आत की बाहेर’ ते बघ

तुझा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: तू बार्शीची. बाबा एसटीत चालक, प्रवर्ग ओबीसी, घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत. सीईटीवर कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, दुसऱ्या फेरीत तुला कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रिकल मिळालंय. ते तुझ्या यादीत सातव्या क्रमांकावर होतं. दुसरीकडे पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठाने त्यांच्या स्वतःच्या प्रक्रियेतून ‘कॉम्प्युटर, एआय’ची जागा देऊ केलीय. फी वर्षाला 3 लाख 75 हजार, हॉस्टेल आणि मेसचे 1 लाख 40 हजार वेगळे. शनिवारपर्यंत 1 लाख भरून जागा पक्की करा, असा रोज फोन येतोय. पुण्यात आयटीत असलेला मामा म्हणतो, डोळे झाकून कॉम्प्युटर घे. बाबा म्हणतात, इलेक्ट्रिकल मुलींचं काम नाही, मी घर तारण ठेवतो पण तू पुण्याला जा. आणि तू विचारतेस, स्कोप कशाला जास्त आहे?

मी कोण ते आधी सांगते, म्हणजे माझ्या बोलण्याला किती वजन द्यायचं ते तुला ठरवता येईल. 26 वर्षं अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतेय. विषय इलेक्ट्रिकल. मधली 6 वर्षं ट्रेनिंग अँड प्लेसमेंटचं काम माझ्याकडे होतं, आणि प्रवेशाच्या दिवसांत सुविधा केंद्रावर बसून शेकडो मुलांची कागदपत्रं तपासलीत. मी इलेक्ट्रिकलची असल्याने माझा ओढा तिकडे असणार, हे धरूनच पुढचं वाच.

तू एक प्रश्न विचारलास, पण त्यात तीन गुंतलेत: शाखा कोणती, कॉलेज कोणतं आणि पैसा किती. आणि या तिघांच्याही पुढे चौथी गोष्ट येऊन उभी राहिलीय, ती म्हणजे शनिवार. तो एक लाखाचा फोन नसता तर तू इतकी घाईला आली नसतीस. म्हणून मी पैशापासून सुरुवात करते. तुझ्या बाबतीत पैशाची गोष्ट सरळ झाली की बाकीच्या दोन गोष्टी आपोआप मोकळ्या होतात.

8 जुलै 2024 चा शासन निर्णय तुझ्या घरात कुणी नीट वाचलाय का? 2024-25 पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात 100 टक्के सवलत आहे. आधी ती 50 टक्के होती. ही सवलत सरकारी कॉलेजापुरती नाही. अनुदानित, अंशतः अनुदानित आणि विनाअनुदानित खासगी कॉलेजांनाही ती लागू आहे. अट एकच: प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोटा आणि संस्थास्तरावरच्या जागा यातून वगळल्या आहेत. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही वगळली आहेत.

पुण्याच्या ज्या विद्यापीठाने तुला जागा देऊ केलीय ते याच वगळलेल्यांत येतं. म्हणजे कराडला तुझं शिक्षण शुल्क शून्य आणि तिथे पावणेचार लाख. सुविधा केंद्रावर मला रोज दिसायचं की पालकांच्या डोक्यात हिशेब पक्का असतो: सरकारी म्हणजे स्वस्त, खासगी म्हणजे महाग. तुझ्यासारख्या मुलीसाठी सीमारेषा तिथे नाहीच. ती कॅपच्या आत आणि कॅपच्या बाहेर अशी आहे. सोलापूरचं वालचंद इन्स्टिट्यूट, पंढरपूरचं स्वेरी, ईश्वरपूरजवळचं (पूर्वीचं इस्लामपूर) राजारामबापू इन्स्टिट्यूट ही सगळी खासगीच कॉलेजं. तिथे कॅपमधून कॉम्प्युटर मिळालं तरी तुझं शिक्षण शुल्क माफ. पुण्यातल्या कॅपमधल्या खासगी कॉलेजांचंही तेच.

आता बाबांसाठी एक हिशेब लिहिते, त्यांना वाचून दाखव. पुण्याचा खर्च वर्षाला 5 लाख 15 हजार, चार वर्षांचे 20 लाख 60 हजार, तेही फी वाढली नाही असं धरून. समजा यातले 15 लाख कर्ज काढलं, दरवर्षी पावणेचार लाखांप्रमाणे, व्याज 10 टक्के. शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं. त्या पाच वर्षांचं साधं व्याजच होतं 5 लाख 25 हजार. म्हणजे हप्ते सुरू होताना डोक्यावर 20 लाख 25 हजार. दहा वर्षांत फेडायचे तर महिना साधारण 26 हजार 750 रुपये.

मोठ्या आयटी कंपन्यांच्या घाऊक भरतीत सुरुवातीचं पॅकेज गेली कित्येक वर्षं साडेतीन ते चार लाखांच्या घरातच आहे. हातात महिन्याला 25 हजारांच्या आसपास पडतात. पुण्यात खोली, डबा, बस यांना काही उरत नाही. उलट घरूनच पैसे मागवावे लागतात. चांगलं पॅकेज मिळालं तर प्रश्नच नाही, आणि काहींना ते मिळतंच. पण घर तारण ठेवताना चांगल्यात चांगला निकाल गृहीत धरायचा नसतो.

माझ्याकडे प्लेसमेंटचं काम असताना अशी एक मुलगी होती. तिच्या प्रोजेक्टवर खूश होऊन एका लहान कंपनीने तिला मोटर कंट्रोलच्या कामासाठी बोलावलं होतं. सहा महिने कमी पैशांत शिकायचं, मग कायम. तिने नाही म्हटलं आणि जी पहिली नोकरी आली ती घेतली, कारण बँकेचा हप्ता सुरू होणार होता. माझ्या टेबलासमोर बसून तिने तो नकाराचा मेल टाइप केला आणि पाठवायच्या आधी मला वाचून दाखवला. त्यात एकही शब्द चुकीचा नव्हता. तुझ्यावर ही वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

कराडलाही सगळं फुकट नाही, हेही सांगितलं पाहिजे. विकास शुल्क, वसतिगृह, मेस, पुस्तकं, ड्रॉइंगचं साहित्य, एक बऱ्यापैकी लॅपटॉप, हे घरूनच. तू वसतिगृह आणि मेसचा अंदाज वर्षाला 60-65 हजार लिहिलायस, तो ठीक वाटतो. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर ओबीसी मुलींसाठीच्या निर्वाह भत्त्याच्या योजना तुझ्या घरच्या परिस्थितीत लागू होतात का, ते कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचार. आणि शुल्कमाफी मिळवायला महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो, तो वेळेत कर. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात वैधता प्रमाणपत्र, आधारशी जोडलेलं बँक खातं यांतलं काही अडलेलं असेल तर शनिवारी एक लाख भरायला जाण्यापेक्षा त्या-त्या कार्यालयात जा. यातल्या एका कागदासाठी मुलांची वर्षभराची सवलत अडकलेली मी पाहिलीय.

म्हणून माझ्या मते तुझ्यापुढे दोनच पर्याय नाहीत, तिसराही आहे. कॅपच्या फेऱ्या अजून बाकी आहेत. कराडचं इलेक्ट्रिकल सातव्या पसंतीचं होतं, त्यामुळे ते आपोआप फ्रीझ (म्हणजे कायम) झालेलं नसणार. लॉगिन करून खात्री करून घे. ती जागा मुदतीत स्वीकार, स्वीकृती शुल्क भर, पण फ्रीझ करू नकोस, बेटरमेंटसाठी, म्हणजे पुढच्या फेरीत याहून चांगलं मिळतं का ते बघायला, थांब. स्वीकारलीच नाहीस तर जागा हातची जाईल, हे घरात सगळ्यांना नीट समजावून सांग. ‘फ्रीझ नको’ म्हणजे ‘काहीच करायचं नाही’ असं समजून गेल्या काही वर्षांत चांगल्या जागा घालवलेली मुलं मला भेटलीत.

मग पुढच्या फेरीच्या ऑप्शन फॉर्ममध्ये (पसंतीक्रमाच्या अर्जात) फक्त तेवढेच पर्याय लिही जे तुला कराडच्या इलेक्ट्रिकलपेक्षा खरोखर जास्त हवेत. पुढच्या फेरीत दुसरं काही मिळालं की आधीची जागा सुटते, ती परत मागता येत नाही. ‘भरून ठेवू, बघू काय मिळतंय’ असं म्हणून पंचवीस-तीस पर्याय टाकायचे नाहीत. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून स्वतःला विचार: उद्या सकाळी हे मिळालं आणि कराड गेलं, तर मला आनंद होईल का? उत्तर अडखळत आलं तर ती ओळ काढ.

आता शाखा. कॉम्प्युटर की इलेक्ट्रिकल, स्कोप कशाला, याचं उत्तर कुणी छातीठोकपणे देत असेल तर त्याच्यापासून जरा लांब रहा. तू पास होशील त्याला चार वर्षं आहेत. मी नोकरीला लागले तेव्हापासून कॉम्प्युटरला झुंबड उडालेली, मग ओसरलेली, मग पुन्हा उडालेली अशी तीनदा पाहिली. इलेक्ट्रिकलमध्ये मागणी इतकी वरखाली होत नाही. महावितरण, महापारेषण, महानिर्मिती, पॉवर ग्रिड, एनटीपीसी, रेल्वे, मग चाकणपासून नाशिकपर्यंतचे कारखाने, सौरऊर्जा, विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मोटर, बॅटरी आणि त्यांचं नियंत्रण. सरकारी कंपन्यांतल्या बऱ्याच जागा गेट या परीक्षेच्या गुणांवर भरल्या जातात. पण या जागा मोजक्या असतात आणि अभ्यास भरपूर मागतात. खासगी क्षेत्रात इलेक्ट्रिकलची पहिली नोकरी अनेकदा कॉम्प्युटरच्या पहिल्या नोकरीहून कमी पगाराची असते, साइटवर धूळ आणि ऊन असतं, पगार हळूहळू वाढतो. हे मी माझ्या विद्यार्थ्यांपासून लपवत नाही, तुझ्यापासूनही लपवणार नाही.

मामाची बाजूही खरी आहे. पुण्यात कॉम्प्युटरवाल्यांना इंटर्नशिप मिळवणं सोपं जातं, ओळखी होतात. पण आयटी कंपन्यांच्या भरतीत बऱ्याचदा सर्व शाखांना किंवा निदान सर्किट शाखांना, म्हणजे इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स यांना दार उघडं असतं. तिथे 60 टक्क्यांची अट असते, बॅकलॉग (राहिलेला विषय) नको असतो आणि कोडिंग टेस्ट असते. इलेक्ट्रिकलहून सॉफ्टवेअरमध्ये जाता येतं, मी पाठवलेल्यांत असे कितीतरी आहेत. उलट दिशेने, कॉम्प्युटर करून सबस्टेशनमध्ये किंवा मोटर डिझाइनमध्ये जाणं जवळपास अशक्य. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणानंतर स्वायत्त कॉलेजांच्या अभ्यासक्रमात मल्टिडिसिप्लिनरी मायनर, म्हणजे जोडीला दुसऱ्या शाखेचे काही विषय, आलाय. इलेक्ट्रिकलच्या मुलीला कॉम्प्युटरकडचा मायनर घेता येतो का आणि त्यात प्रत्यक्ष काय शिकवतात, ते कराडला विचार. पहिल्या वर्षानंतरच्या शाखाबदलाच्या भरवशावर मात्र राहू नकोस. रिकाम्या जागा असतील तर आणि गुणवत्तेने मिळतो, आणि अशा जागा मोजक्याच असतात.

‘एआय’ या शब्दाबद्दलही एक सांगते. शाखेच्या नावात एआय असो वा नसो, पाया तोच: गणित, संभाव्यता, डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस, नेटवर्क. दोन कॉलेजांचे दुसऱ्या वर्षाचे अभ्यासक्रम शेजारी ठेवून बघ. यांतले विषय पातळ करून त्या जागी आकर्षक नावांचे विषय घातले असतील तर मला ते चिंतेचं वाटेल.

पण या सगळ्याच्या आधी एक प्रश्न आहे. तुझ्या पूर्ण मजकुरात मामाला काय वाटतं, बाबांना काय वाटतं हे आहे. तुझ्याबद्दल एकच वाक्य आहे: “मला फिजिक्स आवडतं, कोडिंग कधी केलं नाही.” 2011 मध्ये मी एका मुलाला असंच न विचारता इलेक्ट्रिकल घ्यायला लावलं होतं. मार्क चांगले होते, शाखा चांगली होती, कॉलेज चांगलं होतं. मशीन्सच्या लॅबमध्ये तो कायम मागे उभा असायचा आणि रात्री होस्टेलवर प्रोग्रॅम लिहायचा. कसाबसा पास झाला, शेवटी सॉफ्टवेअरमध्येच गेला. निरोप समारंभाच्या दिवशी मला म्हणाला, “मॅडम, तुम्ही मला एकदा विचारायला हवं होतं.” तेव्हापासून मी आधी विचारते.

तुझ्या हातात अजून चार संध्याकाळी आहेत. त्यातल्या दोन अशा घालव. घरातलं महावितरणचं विजेचं बिल काढ. घरगुती बिलात दर स्लॅबप्रमाणे असतो: पहिली 100 युनिट एका दराने, 101 ते 300 दुसऱ्या, 301 ते 500 तिसऱ्या. मोबाइलवर किंवा सायबर कॅफेत फुकट मिळणारी पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा उघड आणि युनिट टाकले की वीज आकार सांगणारा छोटा प्रोग्रॅम लिही. पायथॉनची सुरुवातीची माहिती स्वयम् आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षण संकेतस्थळांवर विनामूल्य आहे. पहिल्या तासाला चुका येतील, येऊ देत. महत्त्वाचं हे की चूक सापडेपर्यंत तुला उठवत नाही, की अर्ध्या तासाने कंटाळा येतो?

दुसऱ्या संध्याकाळी तेच बिल पुन्हा वाच. मंजूर भार म्हणजे काय, मीटरपर्यंत 230 व्होल्ट येतात कुठून, कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरच्या आत काय आहे, उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज का पडतं. बारावीच्या पुस्तकातला विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा धडा काढून यातलं काय जुळतं ते शोध. कोणत्या संध्याकाळी घड्याळाकडे लक्ष गेलं नाही, ते लिहून ठेव. हा काही शास्त्रशुद्ध कल तपासण्याचा प्रकार नाही, पण शेजाऱ्यांच्या सल्ल्यापेक्षा त्यातून जास्त कळतं.

बाबा, हा परिच्छेद तुमच्यासाठी. तुम्ही ‘मुलींचं काम नाही’ म्हणालात ते काळजीपोटी, हे समजतं. इलेक्ट्रिकल म्हटलं की खांबावर चढलेला लाइनमन डोळ्यांसमोर येतो. अभियंत्याचं काम वेगळं असतं: डिझाइन, चाचणी, संरक्षण प्रणाली, नियंत्रण कक्ष, नियोजन. माझी एक विद्यार्थिनी आज पारेषणाच्या कामात रिले टेस्टिंग करते. बिघाड झाला की कुठला ब्रेकर किती मिलिसेकंदांत सुटायला हवा, ते ती ठरवते. शिफ्ट असते, कधी रात्रीचं जावं लागतं, सोबत गाडी आणि टीम असते. सोपं काम नाही, पण मुलीचं नाही असंही नाही. दुसऱ्या वर्षाच्या लॅबमध्ये एक प्रयोग असतो. थ्री-फेज मोटर चालू करायची, मग बंद करून कोणत्याही दोन फेजच्या वायरी अदलाबदल करायच्या आणि पुन्हा चालू करायची. मोटर उलटी फिरते. दरवर्षी एखादी मुलगी हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच धरून त्या शाफ्टकडे बघत राहते आणि म्हणते, मॅडम, परत एकदा करू? ती कुठल्या शाखेत असायला हवी, ते मला त्या क्षणी कळतं. तुमची मुलगी तशी आहे का, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

कॉलेज तपासायचं कसं, हे थोडं सविस्तर सांगते, कारण माहितीपत्रकातून काही कळत नाही. कॅपमधून आणखी कुठलं कॉलेज यादीत घालणार असशील तर त्यालाही हेच लाव. कराडचं कॉलेज 1960 पासूनचं आहे, स्वायत्त आहे. पण जुनं आहे एवढ्याने तुझा विभाग चांगला ठरत नाही. प्रत्येक विभाग वेगळा बघायचा. एनबीएचं मानांकन शाखेला मिळतं, नॅकचं संस्थेला. फाटकावर ‘ए प्लस’ लिहिलेलं असलं तरी तुला हव्या असलेल्या शाखेला एनबीए आहे का आणि कोणत्या वर्षापर्यंत, ते वेगळं विचार.

शिक्षक किती, हा माझा दुसरा प्रश्न. तंत्रशिक्षण परिषदेचं (एआयसीटीई) प्रमाण 20 विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक. चांगल्या संस्थांसाठी 2024-25 पासून शाखेतल्या जागांवरची कमाल मर्यादा उठली, आणि कॉम्प्युटरच्या जागा अनेक ठिकाणी एकदम वाढल्या. जागा एका वर्षात वाढतात. अनुभवी शिक्षक एका वर्षात मिळत नाहीत. म्हणून पुण्याच्या त्या विद्यापीठाला विचार: कॉम्प्युटरच्या किती तुकड्या आहेत, आणि त्यांना शिकवणारे कायमस्वरूपी किती? सरकारी कॉलेजांतही रिक्त पदं आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक हा प्रश्न असतोच, त्यामुळे कराडलाही हेच विचार.

शक्य असेल तर बाबांना घेऊन एक दिवस जाऊन ये. प्रवेश कक्षात बसू नकोस, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुली शोध. त्यांना ‘कॉलेज कसं आहे’ असं विचारलंस तर ‘छान आहे’ हेच उत्तर येणार. असं विचार: गेल्या सेमिस्टरला मशीन्सच्या लॅबमध्ये जोडणी तू स्वतः केलीस की बघत उभी होतीस? एका टेबलाभोवती किती जणी असतात? प्रोजेक्टला सामान कुठून आणलंत? मुलींच्या वसतिगृहाचं फाटक किती वाजता बंद होतं, आणि त्यानंतर वाचनालय वापरता येतं का? शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण परीक्षेच्या महिन्यात त्यानेच फरक पडतो. लॅबमध्ये डोकावता आलं तर डिमरस्टॅटच्या (व्होल्टेज कमी-जास्त करायचं यंत्र) नॉबकडे आणि पॅनेलवरच्या टर्मिनलांकडे बघ. रोज हात लागलेलं यंत्र ओळखू येतं: नॉबभोवतीचे आकडे पुसट झालेले, टर्मिनलांचा रंग उडालेला. चकचकीत नवं यंत्र धुळीच्या कव्हराखाली असेल तर ते पाहुण्यांसाठी असतं.

प्लेसमेंटच्या आकड्यांबद्दल, मी ते काम केलंय म्हणून. समज, एका शाखेतून 240 मुलं पास झाली. त्यातली 130 ‘पात्र आणि नोंदणीकृत’ धरली. कंपन्यांनी 120 ऑफर दिल्या. 130 पैकी 120, म्हणजे 92 टक्के, झालं पोस्टर. पण काहींना दोन-तीन ऑफर होत्या. प्रत्यक्ष नोकरी लागलेली मुलं 86. म्हणजे 240 पैकी 36 टक्के. आणि पोस्टरवरचं सर्वोच्च पॅकेज एकाच मुलाचं असतं. म्हणून नेहमी विचार: पास झाले किती, त्यातल्या किती वेगवेगळ्या मुलांना नोकरी लागली, आणि मध्यक पगार (निम्म्यांना ज्याहून जास्त, निम्म्यांना कमी) किती? एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीसाठी ज्या संस्था माहिती देतात त्यांना ती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्या पीडीएफमध्ये वेळेत पदवी घेतलेले, नोकरी लागलेले, उच्च शिक्षणाला गेलेले आणि मध्यक पगार, हे सगळं वर्षवार असतं. ती संस्थेची स्वतःची माहिती असते आणि शाखावार नसते, तरी पोस्टरपेक्षा बरी. दोन्ही ठिकाणांची उघडून शेजारी ठेव.

पुण्याला जा, असं मी कधी म्हणेन? तू दहावीपासून कोडिंग करत असतीस, हाताशी दाखवायला काही असतं, विद्यापीठाने मोठी शिष्यवृत्ती चारही वर्षांसाठी लेखी दिली असती आणि घर तारण ठेवायला लागलं नसतं, तर म्हणाले असते. यातल्या कुठल्याच गोष्टीचा उल्लेख तुझ्या प्रश्नात नाही. तरीही जायचंच ठरलं तर चारही वर्षांची फी, वाढ किती टक्क्यांपर्यंत आणि प्रवेश रद्द केल्यास परतावा किती व कोणत्या तारखेपर्यंत, हे लेखी घे. फोनवरचं बोलणं धरू नकोस. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेऊ देऊ नकोस. संस्थांना ती अडकवून ठेवता येत नाहीत, यूजीसीने 2018 मध्येच तसं बजावलंय. आणि पीएम विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीत ती संस्था आहे का ते बघ. असेल तर 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याज सवलत मिळू शकते, आणि त्यातलं कर्ज विनातारण असतं. तसं असेल तर घराचे कागद बँकेत नेण्याआधी हे विचारून घे.

तू दिलेल्या माहितीवर माझं मत स्पष्ट आहे. शनिवारी तो एक लाख भरू नका. कराडची जागा स्वीकारून बेटरमेंटला ठेव. दोन संध्याकाळींनंतर कॉम्प्युटरच हवं असं वाटलं तर कराडचंच आयटी, आणि सोलापूर, पंढरपूर, सांगली, पुणे इथल्या कॅपमधल्या कॉलेजांचं कॉम्प्युटर-आयटी, तुला आवडेल त्या क्रमाने लिही. इलेक्ट्रिकल हवं असं वाटलं तर फ्रीझ करून टाक आणि कराडला जायची तयारी कर. तिथून कोयना जवळ आहे. 1960 मेगावॅटचा तो प्रकल्प पहिल्या वर्षातच एकदा बघून ये.

ऑप्शन फॉर्म भरताना एकच काळजी घे. कॉलेज आणि शाखा नावाने ओळखू नकोस, चॉइस कोडने ओळख. एकाच कॉलेजात एकाच शाखेचे दोन-तीन कोड असतात, ट्यूशन फी वेव्हरच्या (शिक्षण शुल्क माफीच्या वेगळ्या योजनेतल्या) जागेच्या कोडमागे टी असतो. सुविधा केंद्रावर माझ्यासमोर एका मुलाने रडत मोबाइल दाखवला होता. छोट्या पडद्यावर वरखाली करताना बोट खालच्या ओळीवर पडलं होतं, आणि त्याला नको असलेली शाखा दुसऱ्या क्रमांकावर बसली होती. फॉर्म कन्फर्म झाला होता, काही करता आलं नाही. म्हणून मोठ्या पडद्यावर भर, प्रिंट काढ, बाबांना एकेक कोड मोठ्याने वाचायला सांग आणि तू माहितीपुस्तिकेत टिक करत जा. मगच कन्फर्मचं बटण दाब.